दर सोमवारी कोरा कागद

सोमवारी पहिल्याच तासाला टेबलावर कागद यायचा. मोठा, कोरा, आणि त्यावर फक्त एक वेडीवाकडी बंद रेषा. ती रेषा म्हणजे आमच्या सेक्टरची, म्हणजे आम्ही सांभाळायच्या आकाशाच्या तुकड्याची, हद्द. आतलं सगळं आम्ही भरायचं. हवाई मार्ग आणि त्यांचे क्रमांक, कोणता मार्ग कोणाला कुठे छेदतो, मार्गावरच्या दोन ठरलेल्या बिंदूंमधलं अंतर किती मैल, दिशा किती अंश, किमान उंची किती, शेजारचा सेक्टर कोणाचा आणि त्याची फ्रिक्वेन्सी काय. वेळ चाळीस मिनिटं. पास व्हायला शंभरपैकी नव्वद.

पहिल्या सोमवारी मला एकतीस मिळाले.

मी हवाई वाहतूक नियंत्रक आहे, म्हणजे रडारच्या पडद्यासमोर हेडसेट लावून बसणारी. विमानतळावरच्या उंच मनोऱ्यात बसणारे ते वेगळे. माझी विमानं मला कधीच दिसत नाहीत, दिसतात ते ठिपके आणि त्यांच्या शेजारची माहितीची छोटी पाटी. या कामाच्या प्रशिक्षणात मी जे शिकले त्यातलं अर्धं विमानांबद्दल होतं आणि अर्धं अभ्यास कसा करायचा याबद्दल. दुसरं अर्धं कोणी शिकवलं नाही, ते धडपडत सापडलं. म्हणून लिहितेय.

शाळा-कॉलेजात माझी पद्धत ठरलेली होती आणि तिने मला कधी दगा दिला नव्हता. वाचायचं, पिवळ्या हायलायटरने रंगवायचं, परत वाचायचं, परीक्षेच्या आदल्या रात्री तिसऱ्यांदा वाचायचं. सेक्टरचा नकाशा मिळाला तेव्हाही हेच केलं. मार्गांना वेगवेगळे रंग दिले, नकाशा पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवला आणि रोज रात्री झोपताना त्याच्याकडे पाहत पडायचे. शनिवारपर्यंत एकही नाव परकं वाटेना. नजर कुठेही टाकली तरी ‘हो, हे माहितीये’ असंच वाटे. सोमवारी भिंत नव्हती, फक्त कागद होता. पेन्सिल हातात धरून पहिली पाच मिनिटं मी हद्दीच्या रेषेवरूनच पेन्सिल फिरवत बसले.

मागच्या बाकावरच्या मुलाला अठ्ठ्याऐंशी होते. मी त्याला विचारलं, ‘तू किती तास केलास?’ तो म्हणाला, ‘तास नाही मोजले. अकरा कागद झाले.’ त्याने नकाशा एकदा पाहिला होता, मग बंद करून कोऱ्या कागदावर काढला होता. चुकला ते लाल पेनने दुरुस्त केलं होतं, कागद फाडून टाकला होता आणि दुसरा घेतला होता. त्याच्या खोलीत भिंतीवर काहीच नव्हतं.

मला आधी ते जरा मूर्खपणाचं वाटलं. ज्याचा पत्ता नाही ते काढायचं कशाला, आधी नीट पाठ तर होऊ दे! पण एकतीस गुण पदरात घेऊन फार तोरा मिरवता येत नाही. त्या रात्री मी नकाशा भिंतीवरून काढला आणि कोरा कागद घेतला. पहिला कागद लाजिरवाणा होता. दुसराही. दोन बिंदूंच्या मधली रेषा काढताना डोक्यात काहीतरी ओढलं गेल्यासारखं व्हायचं, नाव जिभेवर यायचं आणि तिथेच बसायचं. वाचताना कधी एवढा त्रास झाला नव्हता. चौथ्या कागदावर मात्र उत्तरेकडचा कोपरा जवळजवळ आपोआप उतरला.

आमच्या या बिंदूंच्या नावांबद्दल सांगायला हवं. ती पाच अक्षरांची असतात, रेडिओवर उच्चारता यावीत अशी जुळवलेली, आणि बहुतेकांना काहीही अर्थ नसतो. अर्थ नसलेली नावं पाठ करणं हा माणसाच्या मेंदूवर केलेला अन्याय आहे, आणि या अन्यायाचा पहिला शास्त्रशुद्ध हिशोब हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्ये छापला. त्याने दोन व्यंजनांच्या मध्ये एक स्वर घालून सुमारे २३०० निरर्थक शब्द तयार केले, त्यांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि किती विसरलो ते स्वतःवरच मोजलं. एकदा पाठ झालेली यादी तासाभराने पुन्हा पाठ करायला घेतली, तर आधीच्या कष्टांपैकी निम्मेही वाचत नसत. पहिल्या काही तासांत धाडकन घसरण, नंतर उतार सौम्य. वाचनालयात हा आलेख सापडला तेव्हा मला फार बरं वाटलं. माझी स्मरणशक्ती खराब नव्हती, सर्वसाधारण होती.

दुसरी गोष्ट त्याच शोधात सापडली, आणि तिच्यामुळे माझा हायलायटर कायमचा सुटला. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो लागोपाठ चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि उरलेली तीन सत्रं न बघता आठवून लिहिण्यात घालवली. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. खरी गंमत तिसरीच आहे. आपल्याला किती लक्षात राहील असं विचारल्यावर सगळ्यात जास्त खात्री चारदा वाचणाऱ्यांनाच होती. शनिवारी रात्री भिंतीकडे बघत पडलेली मी ती हीच.

चौथ्या सोमवारी मला त्र्याण्णव मिळाले.

नकाशा हा भाग तसा सोपा, कारण तो हाताने काढता येतो. नियमांचं काय? त्यासाठी मी कार्डं केली. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, आणि पाच खोके. झेबास्टिआन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये लोकप्रिय केलेली ही रीत आहे. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात जातं, चुकलं की ते कितीही पुढे गेलेलं असो, सरळ पहिल्या खोक्यात. पहिला खोका रोज उघडायचा, दुसरा एक दिवसाआड, असं करत पाचवा महिन्याने. आता हेच काम मोबाइलवरची ॲप करतात. पण मला पुठ्ठ्याचे खोके आवडायचे, कारण पहिला खोका किती जड आहे ते हाताला कळायचं.

कार्डं बनवण्यातही मी चुकलेच. सुरुवातीला एकेका कार्डावर अख्खा परिच्छेद लिहायचे. ‘विमानांमधल्या अंतराचे नियम सांगा’ असा प्रश्न आणि मागे दहा ओळी. त्यातल्या सात आठवल्या तर कार्ड बरोबर की चूक? मी दर वेळी स्वतःवर मेहेरबानी करून बरोबर म्हणायचे. मग तोडले. ‘मार्गावरच्या रडार सेक्टरमध्ये दोन विमानांत किमान आडवं अंतर?’ पाच मैल. ‘विमानतळाजवळ?’ तीन. ‘उभं?’ हजार फूट. ‘अवजड विमानाच्या मागे मध्यम वजनाचं विमान उतरायला येत असेल तर?’ पाच मैल, कारण पुढच्याने मागे सोडलेले हवेचे भोवरे. ‘अवजडाच्या मागे हलकं?’ सहा. ‘पाटीवर विमानाचा कोड ७६०० दिसला?’ रेडिओ बंद पडलाय. ‘७७००?’ आणीबाणी. ‘७५००?’ अपहरण. एका कार्डाला एकच उत्तर असलं की स्वतःशी लबाडी करायला जागा राहत नाही.

बोलण्याची भाषा मात्र कार्डांवर शिकता येत नाही, तिथे मी तीन आठवडे वाया घालवले. आमचे शब्द ठरलेले असतात. ‘थ्री’चा उच्चार ‘ट्री’ करायचा, ‘फाइव्ह’चा ‘फाइफ’, ‘नाइन’चा ‘नाइनर’, म्हणजे खरखरत्या रेडिओवर एक आकडा दुसऱ्यासारखा ऐकू जाऊ नये. प्रत्येक शब्दामागे काहीतरी घडलेलं असतं. ‘टेकऑफ’ हाच शब्द घ्या. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ या स्पेनच्या बेटावरच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. एका विमानाला उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली होती, उड्डाणाची नव्हती. पण त्या बोलण्यात ‘टेकऑफ’ हा शब्द आला होता. तेव्हापासून हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना एवढाच वापरायचा, बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. ही वाक्यं मी वहीत सुंदर अक्षरात उतरवून घेतली होती आणि तोंड उघडलं की अडखळत होते. शेवटी एकटी चालताना मोठ्याने बोलायला लागले. रस्त्यावरच्या गाड्यांच्या नंबरप्लेट अल्फा, ब्राव्हो, चार्ली करत वाचायच्या आणि त्या गाडीला एखादी उंची देऊन टाकायची. पाचपन्नास लोकांनी मला वेडी समजलं असेल. जिभेचा अभ्यास जिभेनेच करावा लागतो.

आकडेमोडीचंही तसंच. ४८० नॉट वेग म्हणजे ताशी ४८० सागरी मैल, मिनिटाला आठ मैल. समोरासमोर येणारी दोन विमानं मिनिटाला सोळा मैल जवळ येतात, म्हणजे चाळीस मैलांचं अंतर अडीच मिनिटांत संपतं. साठ मैलांवर एका अंशाचा फरक म्हणजे साधारण एक मैल. खाली उतरताना हजार फुटांना जवळपास तीन मैल धरायचे. सत्तावीस हजार फूट उतरायचे तर ऐंशीएक मैल आधी सांगायला हवं. कागदावर हे सहावीतल्या मुलालाही जमेल. पण कोणीतरी कानात बोलत असताना, दुसरं विमान वाट पाहत असताना, दोन सेकंदांत? त्यासाठी मी आणि माझी एक बॅचमेट जिने चढता-उतरताना एकमेकींना आकडे फेकायचो. दमलेल्या श्वासात उत्तर आलं तरच खरं, असा नियम तिने काढला होता.

लेखी परीक्षा झाली. मी बॅचमध्ये दुसरी आले. मग सिम्युलेटर.

सिम्युलेटरची खोली खऱ्या खोलीसारखीच असते. तोच पडदा, तोच हेडसेट. पलीकडच्या खोलीत काही माणसं पायलट बनून बसतात, त्यांना सूडो-पायलट म्हणतात. आपण बोलतो, ते उत्तर देतात आणि कळ दाबून ठिपका वळवतात. पहिल्या सरावात सहा विमानं होती. सहाच. तिसरं विमान बोलायला लागलं आणि मला आलेलं सगळं कुठेतरी निघून गेलं. नियम आठवत होते, पण एकेक करून, सावकाश, वाचनालयातल्या पुस्तकासारखे. मागायचा, वाट बघायची, मग मिळायचा. तोवर ठिपका चार मैल पुढे.

आमच्या इन्स्ट्रक्टर मॅडम फार बोलत नसत. सराव संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, ‘तुझ्या डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात कोण होतं?’ मला माहीत नव्हतं. तिथे चार मिनिटांपासून एक विमान होतं. ‘चित्र गेलं होतं तुझं,’ त्या म्हणाल्या.

या धंद्यात ‘चित्र’ हा शब्द सतत ऐकू येतो. चित्र आहे, चित्र गेलं, चित्र परत आलं. पडद्यावर दिसतं ते चित्र नव्हे. पुढच्या पाच-सात मिनिटांत कोण कुठे असेल, कोणाचं कोणाशी भांडण होणार आहे आणि कोणाकडे आता बघायची गरज नाही, हे सगळं डोक्यात एकत्र धरलेलं असतं, ते चित्र. माणसाला एका वेळी मोजक्याच सुट्या गोष्टी ध्यानात धरता येतात. जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये सात, अधिक-उणे दोन असा आकडा मांडला आणि नंतरच्या लोकांनी तो चारच्या आसपास आणला. मग वीस विमानं कशी धरायची? उत्तर बुद्धिबळात सापडतं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये खेळाडूंना पट काही सेकंद दाखवला आणि आठवून मांडायला सांगितला. खऱ्या डावातला पट मुरलेला खेळाडू नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक मांडत होता. सोंगट्या कशाही विखुरल्या की त्याची आघाडी जवळजवळ संपली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती मोठी नव्हती. त्याला सोंगट्या दिसतच नव्हत्या, डाव दिसत होते. माझ्या सहा विमानांच्या सहा सोंगट्या होत्या. मॅडमना तिथे दोन डाव दिसत होते आणि बाकीची रिकामी जागा.

डाव दिसायला लागण्यासाठी काय करायचं हे कोणी सांगेना. ‘तास भरले की येतं,’ असं सगळे म्हणायचे. सिम्युलेटरचे तास मोजून मिळायचे, आठवड्याला चारपाच. उरलेल्या वेळेत मी टेबलावर सेक्टरचा नकाशा काढून त्यावर नाणी मांडायला लागले. प्रत्येक नाण्याखाली कागदाचा कपटा, त्यावर उंची आणि वेग. एक मिनिट गेलं असं धरून सगळी नाणी आपापल्या वेगाप्रमाणे सरकवायची आणि सरकवण्याआधी मोठ्याने सांगायचं, कोणतं नाणं कोणाला कुठे भेटणार. मग सरकवून पाहायचं. अंदाज चुकला की थांबायचं आणि का चुकला ते शोधायचं. तासाभरात डोकं भणभणायचं. पण दोन आठवड्यांत एक गोष्ट झाली. दोन नाण्यांकडे बघून, गणित न करता, ‘ही भेटणार नाहीत’ असं वाटायला लागलं, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायला लागलं.

तरीही पहिल्या मोठ्या चाचणीत मी नापास झाले. ती चाचणी अजून जशीच्या तशी आठवते. ३५० या लेव्हलवर, म्हणजे पस्तीस हजार फुटांवर, दोन विमानं एकाच बिंदूकडे येत होती. मला ते लवकर दिसलं. मी खूश. एकाला दहा अंश उजवीकडे वळवून दुसऱ्याच्या मागून काढायचं ठरवलं आणि त्या सुंदर उत्तरात रमले. त्याच वेळी खालून एक विमान वर चढत होतं. त्याच्या वाटेत २६० वर दुसरं होतं, म्हणून मी त्याला २५० पर्यंतच परवानगी दिली. पायलटने परत म्हणून दाखवलं, ‘क्लाइम्ब लेव्हल टू सिक्स झीरो.’ आमच्याकडे पायलटने सूचना परत म्हणायची आणि आपण ती ऐकून तपासायची, हा पाया आहे. मी ऐकलं. डोळे मात्र वरच्या दोघांवर होते. थोड्या वेळाने पडदा लाल झाला. साडेतीन मैल आणि सहाशे फूट, दोन्ही नियम एकाच वेळी मोडलेले.

नंतर कळलं की ती चूक मुद्दाम पेरलेली होती. सूडो-पायलटच्या कागदावर तसं लिहिलेलंच होतं. मला राग आला, तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही असं मला वाटत होतं. मॅडमनी ध्वनिमुद्रण लावलं. ‘टू सिक्स झीरो’ अगदी स्वच्छ, खणखणीत ऐकू येत होतं. ‘तो काय बोलला ते तू ऐकलंच नाहीस,’ त्या म्हणाल्या, ‘तू काय बोलली होतीस तेच पुन्हा ऐकलंस.’

घरी आल्यावर मी जर्मनीतल्या युबरलिंगनच्या विमान अपघाताचा अहवाल पुन्हा काढला. १ जुलै २००२ च्या रात्री तिथे दोन विमानांची हवेत टक्कर झाली आणि ७१ जीव गेले. खाली रडारवर एकटाच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता, मुख्य फोनयंत्रणा देखभालीसाठी बंद होती, आणि त्या काही मिनिटांत तो उशिरा आलेल्या तिसऱ्याच विमानाला उतरवण्याच्या खटपटीत होता. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी त्यातल्या तारखा आणि आकडे अधोरेखित केले होते, परीक्षेत विचारतात म्हणून. या वेळी मला वेळा दिसल्या. कोणत्या सेकंदाला त्याचे डोळे कुठे होते, ते.

चाचणी पुन्हा द्यायला सहा आठवडे होते, आणि नापास झाल्यावर माणूस जे करतो तेच मी केलं. वेळापत्रक बनवलं, दिवसाला बारा तास. ते नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी सिम्युलेटरवर मी एका विमानाला दुसऱ्याचं नाव घेऊन वळवलं आणि तो प्रकार थांबवला. दहा हजार तास सराव केला की माणूस तरबेज होतो, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. ज्या अभ्यासावरून ती निघाली तो आंदर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा, १९९३ चा, बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरचा. त्यात दहा हजार ही विसाव्या वर्षापर्यंतच्या उत्तम वादकांची सरासरी होती, उंबरठा नव्हता, हे एरिक्सन पुढे कंटाळा येईपर्यंत सांगत राहिले. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. मन लावून केलेला कस लागणारा सराव दिवसाला चारेक तासांच्या पुढे फारसा टिकत नाही, आणि उत्तम वादक इतरांपेक्षा जास्त झोपत होते, दुपारीसुद्धा. हे वाचून मी निर्लज्जपणे झोपायला लागले. नाण्यांचा तास सकाळी, सिम्युलेटर दुपारी, झोपण्याआधी अर्धा तास कार्डं. बस.

आणखी एक बदल केला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सराव संपला की डीब्रीफच्या, म्हणजे मॅडमबरोबर चुका तपासण्याच्या आधी, ध्वनिमुद्रण ऐकण्याआधी, वहीत लिहायचं. काय घडलं, मी कुठे बघत होते, कोणत्या क्षणी चित्र सुटलं. मग ध्वनिमुद्रण ऐकायचं. दोन्हींत जो फरक पडे तो भयानक असे. मी लिहिलेलं असायचं, ‘त्याला लगेच उत्तर दिलं’, आणि मुद्रणात मी अकरा सेकंद गप्प. लिहिलेलं असायचं, ‘शांतपणे बोलले’, आणि मुद्रणात एका दमात तीन सूचना. आपण स्वतःचे फार वाईट साक्षीदार असतो. पंधरा-वीस नोंदी झाल्यावर एक ठसा उमटला. माझं चित्र गर्दीत सुटत नव्हतं. एखादा अवघड प्रश्न सोडवल्यावर, त्या समाधानाच्या दहाबारा सेकंदांत सुटत होतं! हे कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. त्यानंतर मी एक वाईट दिसणारी सवय लावून घेतली. काहीही नीट जमलं की डाव्या हाताने टेबलावर टिचकी मारायची आणि पडदा डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून पुन्हा वाचायचा. अजूनही मारते. शेजारी बसणारे हसतात.

सरावांच्या क्रमाबद्दल मात्र मी मॅडमशी वाद घातला. आमचा अभ्यासक्रम एकेका विषयाचा होता. एक आठवडा फक्त छेदणारे मार्ग, एक आठवडा फक्त उतरणारी विमानं. आठवड्याच्या शेवटी सगळ्यांना सगळं छान यायचं आणि दोन आठवड्यांनी काही उरायचं नाही. मी म्हटलं, मिसळून द्या ना. त्या म्हणाल्या, ‘गुण कमी होतील.’ झाले. माझेच नाही, आम्हा चौघांचे, कारण मी आणखी तिघांना त्यात ओढलं होतं. एकाने माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. रॉबर्ट ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञाने अशा अडथळ्यांना ‘हवीशी अडचण’ अशा अर्थाचं नाव दिलंय. सरावाच्या वेळी कामगिरी खाली जाते आणि शिकलेलं मात्र टिकतं. पण हे त्या मुलाला सांगायची माझी हिंमत झाली नाही. महिन्याभराने तो स्वतःच मिसळलेले सराव मागायला गेला, तेव्हा आमचं बोलणं सुरू झालं.

दुसऱ्या चाचणीत पास झाले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पास होण्यात गोष्ट नसते.

त्यानंतर खरी विमानं. खऱ्या पडद्यासमोर आपण बसतो, शेजारी इन्स्ट्रक्टर दुसरा हेडसेट लावून, आणि त्यांनी बटण दाबलं की आपला आवाज बंद होऊन त्यांचा जातो. पहिल्या दिवशी मॅडमनी चौदा वेळा बटण दाबलं. मी मोजत होते, जे मोजायला नको होतं. दुसऱ्या महिन्यात एके दिवशी एक पायलट म्हणाला, ‘कन्फर्म टू सेव्हन झीरो?’ आणि मी ‘निगेटिव्ह, टू एट झीरो’ म्हणून मोकळी झाले, तेव्हा बाजूला पाहिलं तर मॅडमचा हात बटणावर नव्हता. त्या चष्मा पुसत होत्या.

रेटिंग, म्हणजे एकटीने सेक्टर सांभाळायची मान्यता, मिळून आता बरीच वर्षं झाली. सोमवारचा कागद कोणी देत नाही, पण मी काढते. दर सोमवारी नाही, दर अठ्ठावीस दिवसांनी, कारण आमचे नकाशे जगभर अठ्ठावीस दिवसांच्या चक्राने बदलतात. गेल्या चक्रात पूर्वेकडचा एक बिंदू हटवून तेरा मैल दक्षिणेला नवा आला, नव्या नावाचा. कागद काढायला बसले आणि हाताने जुनाच बिंदू काढला, जुनंच नाव, अगदी न अडखळता. लाल पेनने खोडलं, कागद फाडला, दुसरा घेतला. पुन्हा जुनंच. नव्या नावाचं कार्ड आज पहिल्या खोक्यात आहे.